रबरी हातावर पक्के, पेशंटसमोर थरथर : नर्सिंगच्या मुलांना रक्त काढायला कसं शिकवावं?

ट्यूटरबाई_परळ

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींबद्दल प्रश्न आहे. स्किल लॅबमधल्या रबरी हातावर सगळ्यांचं ब्लड कलेक्शन छान होतं. ओएससीईला (प्रात्यक्षिक कौशल्यांच्या परीक्षेला) पायऱ्या धडाधड म्हणून दाखवतात. वॉर्डात खरा हात समोर आला की टर्निकेट (दंडावर आवळायचा पट्टा) बांधण्यातच निम्मा जीव जातो, आणि शीर बोटाला लागत असूनही "मॅडम, दिसत नाहीये" सुरू होतं.

मुंबईतली अडचण सगळ्यांना माहीत आहे. केईएम, नायर, सायन, कूपर या रुग्णालयांना मेडिकल कॉलेजं जोडलेली, त्यामुळे सकाळच्या कलेक्शनला इंटर्न हजर असतात. खासगीत डीएमएलटीवाले (लॅबचा डिप्लोमा केलेले) टेक्निशियन ट्रे घेऊन फिरतात. नर्सिंगच्या मुलांच्या वाट्याला उरतं ते लेबल चिकटवणं. मग लॉगबुकातला आकडा भरायचा म्हणून महिनाअखेरीस घाई होते.

माझं मत असं की गोची आकड्यात नाही, रबरी हातात आहे. त्याची शीर कायम एकाच जागी, वर जुन्या टोचण्यांची भोकं दिसतात, तो बोलत नाही, आणि त्याच्यावर काही बिघडतच नाही. मुलं बिघाड पहिल्यांदा बघतात ते जिवंत माणसावर. तर रबरी हात आणि पेशंट यांच्या मधल्या टप्प्यात काय शिकवायचं? कृपया "भीती काढून टाका" असा सल्ला नको, नेमक्या युक्त्या हव्यात.

सकाळची_पाळी

ताई, पहिली गोष्ट म्हणजे "दिसत नाहीये" हे वाक्यच वर्गातून हद्दपार करा. शीर डोळ्यांनी निवडायची नसतेच. वर दिसणारी निळी रेघ पुष्कळदा बारीक, वरवरची आणि सटकणारी असते. चांगली शीर बोटाला लागते: दाबली की स्प्रिंगसारखी परत वर येते. ठोके लागले तर ती धमनी, सोडून द्या. दोरीसारखं कडक लागलं आणि पेशंटने बोटं हलवल्यावर तेही हललं, तर तो स्नायूचा कंडरा.

चाचपायला तर्जनी वापरायची, अंगठा नाही. अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात, ते धमनीचे वाटतात.

सुई न वापरता करण्याजोगा सराव: टेबलावर शिवणाचा दोरा ठेवा, वर एक कागद. डोळे मिटून दोरा शोधायचा आणि पेन्सिलीने त्याची दिशा कागदावर काढायची. जमलं की दोन कागद, मग चार, मग दोऱ्याऐवजी केस. दिशा काढणं महत्त्वाचं, कारण शीर सापडते पण तिरकी जाते आणि सुई सरळ घातली जाते, इथेच निम्मे नेम चुकतात.

यानंतर एकमेकांचे हात फक्त चाचपायचे. टोचायचं नाही, त्यामुळे कोणी नाही म्हणत नाही. दिवसाला दहा हात. कोपराच्या खळगीतली मधली शीर, म्हणजे मेडियन क्युबिटल, पहिली पसंती. बाहेरच्या बाजूची सेफॅलिक दुसरी. जाड हातांवर बहुतेक वेळा तीच तारून नेते. आतल्या बाजूची बॅसिलिक शेवटी, कारण तिच्या शेजारून ब्रेकियल धमनी आणि नसा जातात. ती जाडजूड आणि मोहक दिसते हाच तिचा धोका.

टोमणे_आजी

रबरी हाताला "मावशी, दुखतंय का" असं विचारणाऱ्या मुलीला पाच मार्क जादा द्या.

बल्बवाला

लॅबच्या खिडकीतून बोलतो. मुलं सुईला घाबरतात आणि बल्बला, म्हणजे रक्त भरायच्या नळीला, अजिबात घाबरत नाहीत. व्हायला हवं उलट. चुकीचं टोचणं पेशंटला त्याच क्षणी कळतं. चुकीचा भरलेला बल्ब कोणालाच कळत नाही, आणि डॉक्टर त्या रिपोर्टवर औषध लिहितात.

बल्ब भरायचा क्रम पाठ करवून घ्या, पण कारणांसकट. कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) असेल तर ते सगळ्यात आधी, जंतुविरहित राहावं म्हणून. मग निळं झाकण, आत सायट्रेट हे गोठण रोखणारं रसायन. मग लाल किंवा पिवळं, सीरमसाठी (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव). मग हिरवं, हेपॅरिन. मग जांभळं, ईडीटीए. शेवटी करडं, फ्लोराइड. ईडीटीए बल्बमध्ये पोटॅशियमचा क्षार असतो. त्यातला थेंबभर सीरमच्या बल्बमध्ये गेला तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं पडतं. हे समजलं की क्रम विसरला जात नाही.

हलवणं: निळा तीन-चार वेळा, सीरमचा पाच वेळा, हिरवा, जांभळा आणि करडा आठ ते दहा वेळा. हलवणं म्हणजे मनगट वळवून सावकाश उलटंसुलटं करणं, कोकम सरबतासारखं ढवळणं नव्हे. जोरात हलवलं की पेशी फुटतात. अजिबात न हलवलेल्या जांभळ्या बल्बमध्ये बारीक गुठळी होते आणि प्लेटलेट्स कमी मोजल्या जातात. पावसाळ्यात, डेंग्यूच्या दिवसांत, या एका चुकीपायी वॉर्डात धावपळ होते.

निळा बल्ब खुणेपर्यंतच भरायचा. रक्त नऊ भाग, सायट्रेट एक भाग. बल्ब कमी भरला तर सायट्रेटचं प्रमाण जास्त होतं आणि पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या तपासण्या) खोटे लांबतात.

ब्रदर_भांडुप

बल्बवाले दादांचं सगळं मान्य, पण हा क्रम व्हॅक्युटेनरसाठी (आतल्या पोकळीने रक्त आपोआप ओढणारे बल्ब) ठीक. बऱ्याच वॉर्डांत अजून पाच किंवा दहा मिलीची सिरिंज आणि झाकण उघडायचे बल्ब असतात. स्किल लॅबमध्ये होल्डरवर शिकलेली मुलं तिथे गडबडतात. दोन्ही शिकवा, आणि आधी सिरिंज शिकवा. सिरिंजमध्ये सुईच्या बुडाशी रक्त आलेलं दिसतं. साध्या व्हॅक्युटेनर सुईत बल्ब आत ढकलेपर्यंत आपण शिरेत आहोत की नाही ते कळत नाही. नवशिक्याला ते दिसणारं रक्त फार धीर देतं.

सकाळची_पाळी

@ब्रदर_भांडुप, आधी सिरिंज याला माझा विरोध. सिरिंजने शिकलेला हात पिस्टन जोरात ओढायला शिकतो. बारीक शीर तिथेच मिटते, पेशी फुटतात आणि पोटॅशियम वर जातं. शिवाय सिरिंजमधून बल्बमध्ये रक्त टाकताना सुई हातात असण्याचा वेळ वाढतो. रक्त दिसण्याचाच प्रश्न असेल तर स्कॅल्प व्हेनने (पंख आणि बारीक नळी असलेल्या सुईने) सुरुवात करा, नळीत रक्त लगेच दिसतं.

बल्बवाला

स्कॅल्प व्हेन घेतली आणि पहिला बल्ब निळा असेल तर नळीतली हवा बल्बमध्ये जाते, बल्ब कमी भरतो. आधी एक वाया जाणारा बल्ब लावून नळी भरून घ्यायची, मग खरा निळा. हे न सांगता स्कॅल्प व्हेन हातात देऊ नका.

सिरिंजच वापरायची तर तिचेही नियम आहेत. वापरण्याआधी पिस्टन एकदा पुढेमागे करून सैल करा, नाहीतर ऐन वेळी झटका बसतो. ओढताना सावकाश, रक्त येईल त्याच वेगाने. बल्बच्या रबरी झाकणातून सुई खुपसून दाबून भरायचं नाही. सुई काढायची ती हाताने नाही, सुयांच्या डब्याच्या खाचेत अडकवून. मग झाकण उघडून बल्बच्या आतल्या भिंतीवरून रक्त सोडायचं. आणि हे झटपट, कारण सिरिंजमध्ये गोठण रोखणारं काही नसतं.

लोअर_परळकर

भाबडा प्रश्न: खाच कशाला, हब कटरने आधी सुई कापून टाकली तर?

ब्रदर_भांडुप

कटर हबसकट (हब म्हणजे सुईचं प्लास्टिकचं बूड) सिरिंजचं टोकही कापतो. भरलेली सिरिंज कापलीत तर रक्त टेबलावर. कटर बल्ब भरल्यानंतर.

@सकाळची_पाळी, जोरात ओढण्याचा मुद्दा पटला. स्कॅल्प व्हेनवर तडजोड मान्य. फक्त खर्च कोण देणार ते ट्यूटरबाईंना विचारा.

जुगाडू_जोगेश्वरी

खर्चाचा विषय निघालाच आहे तर स्वस्तातला हात कसा करायचा ते लिहितो. विकतचा हात महाग असतो आणि त्याची कातडी बदलायचीही परवड नसते.

घट्ट फोमचा तुकडा घ्या, साधारण ३० सेंमी लांब, १० रुंद, ८ जाड. वरच्या बाजूने ब्लेडने लांब चीर द्या, एका टोकाला अर्धा सेंमी खोल आणि दुसऱ्या टोकाला दीड सेंमी. त्यात लॅटेक्सची पातळ नळी बसवा. प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकलच्या दुकानांत मिळते. नळीचं एक टोक आयव्ही सेटला जोडा, दुसरं आर्टरी फोर्सेपने (घट्ट बसणाऱ्या चिमट्याने) बंद करा. सलाईनच्या बाटलीत खायचा लाल रंग घाला. कुंकू नको, गाळ बसून सेट तुंबतो. वरून जुन्या ग्लोव्हजचे दोन थर ताणून पिनांनी बसवा.

आता खरी गंमत बाटलीच्या उंचीत आहे. बाटली नळीच्या ५० सेंमी वर टांगली तर आतला दाब पाऱ्याच्या साधारण ३७ मिलिमीटर होतो, म्हणजे टर्निकेट बांधलेल्या टपोऱ्या शिरेसारखी नळी लागते. बाटली १५ सेंमीवर आणली की नळी मऊ पडते आणि पिस्टन जोरात ओढला की चपटी होते: जुलाब झालेला, पाणी कमी पडलेला पेशंट तयार. चिरेत नळी सैल ठेवली तर ती बाजूला पळते: आजोबांचा हात. एकाच फोमवर तीन पेशंट. नळी गळायला लागली की दोन बोटं पुढे सरकवा, नवी जागा मिळते.

मत्स्यालयाची सिलिकॉनची नळी स्वस्त पडते, पण ती जाड आणि ताठ. सुई आत शिरल्याचं हाताला नीट कळत नाही. काही जण फोमऐवजी कोंबडीचं मांस वापरतात. हाताला छान लागतं, पण मुंबईच्या उकाड्यात दुपारच्या बॅचला वर्गात कोण बसणार?

टोमणे_आजी

दुपारच्या बॅचला रस्सा करून वाढा. हजेरी शंभर टक्के.

नियमावली

धागा भरकटण्याआधी: विद्यार्थ्यांनी एकमेकांना टोचून सराव करावा का? बऱ्याच ठिकाणी हे गृहीतच धरलं जातं.

ब्रदर_भांडुप

करावा. स्वतःच्या हाताला सुई लागली की पेशंटच्या हाताची किंमत कळते.

नियमावली

मग ते सक्तीचं होतं, आणि तिथेच आक्षेप आहे. वर्गात सगळे हात पुढे करत असताना एखादी नाही कशी म्हणेल? तिला एचबी कमी असेल, चक्कर येत असेल, एखादा आजार असेल, किंवा नुसतंच नको असेल. कारण सांगायला लागू नये. आणि आजार लपवायचा असेल तर नाही म्हणणंच तिला उघडं पाडतं. करायचंच तर लेखी संमती, कोणत्याही क्षणी मागे घेता येणारी. मार्कांशी संबंध नाही. बाजूला शिकवणारी व्यक्ती उभी. एका हातावर एकाच दिवशी दोनदा टोचायचं नाही. काढलेलं रक्त तपासायला पाठवायचं नाही, नाहीतर मैत्रिणीचा रिपोर्ट वर्गभर फिरतो.

आणि या सगळ्याच्या आधी हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेले हवेत: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासायची. १० mIU/ml किंवा त्याहून जास्त आली तर चालेल. प्रवेशाच्या आठवड्यात पहिला डोस दिला तरच वॉर्डात जाईपर्यंत हे पुरं होतं.

ब्रदर_भांडुप

संमतीचा मुद्दा बिनशर्त मान्य. "करावा" च्या जागी "ज्याला हवं त्याने करावा" असं वाचा.

कॅज्युअल्टी_कन्या

मूळ प्रश्न "काही बिघडतच नाही" हा होता. तर बिघाडच शिकवा. फोमच्या हातावर मुद्दाम चुकवायला लावा आणि दुरुस्ती करायला सांगा.

रक्त आलं नाही: सुई अजून वर असेल तर जराशी पुढे. पलीकडे गेली असेल तर जराशी मागे. थोडं येऊन थांबलं तर टोक भिंतीला टेकलं असेल, किंचित फिरवा. व्हॅक्युटेनर असेल तर बल्ब बदलून पाहा, कधी कधी बल्बचीच हवा गेलेली असते. एवढं करून नाही आलं तर बाहेर. आडवंतिडवं आतल्या आत शोधत फिरणं सक्त मना, तिथेच नस दुखावते.

पेशंट म्हणाला "करंट लागला", बोटांपर्यंत झिणझिण्या गेल्या: विचार करत बसायचं नाही, सुई ताबडतोब बाहेर. लालभडक रक्त उसळत आलं: धमनी. बाहेर काढून किमान पाच मिनिटं घट्ट दाब, आणि स्टाफला सांगायचं. सुईभोवती फुगायला लागलं: आधी टर्निकेट सोडा, मग सुई, मग दाब. टर्निकेट न सोडता सुई काढली तर फुगा हमखास.

चक्कर: टोचण्याआधी विचारायचं, "आधी रक्त देताना कधी चक्कर आली होती का?" हो म्हणाले तर आडवं झोपवूनच काढायचं. मध्येच चेहरा पांढरा पडला, घाम फुटला तर टर्निकेट आणि सुई काढा, झोपवा, पाय वर. खुर्चीवर बसवूनच पाणी पाजायला जाऊ नका.

आणि सगळ्यात मोठा नियम: दोन प्रयत्न, तिसरा नाही. दुसऱ्यांदा चुकलं की सिनियरला बोलवायचं, आणि बोलावल्याबद्दल कोणी टोमणा मारायचा नाही. हा नियम पहिल्या दिवशी सांगितला की हाताची थरथर निम्मी होते, कारण मुलांची खरी भीती "नाही जमलं तर मी इथून सुटणार कशी" ही असते.

ट्यूटरबाई_परळ

@कॅज्युअल्टी_कन्या, शेवटचा परिच्छेद छापून स्किल लॅबच्या दारावर लावते.

हिंदमाता_पूर

अवांतर: पेशंटला हाक काय मारावी? मावशी, काका, आजी म्हटलं की पेशंट मोकळा होतो. पण काही जणींना "मावशी" म्हटलेलं खपत नाही, विशेषतः वॉर्डातल्या आयाबाईंनाही मावशीच म्हणतात म्हणून.

सकाळची_पाळी

हाक काहीही मारा, पण आधी नाव विचारा, आणि विचारताना नाव पुरवू नका. "तुम्ही शिंदेबाई ना?" याला झोपेतला कोणीही पेशंट "हो" म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारायचं, मग केसपेपरचा नंबर किंवा जन्मतारीख जुळवायची. हिंदीतलं वाक्यही तोंडात बसलेलं हवं, निम्मा वॉर्ड हिंदी बोलतो. लेबल रक्त काढल्यावर, पेशंटच्या शेजारी उभं राहूनच लावायचं. आधीच लेबल लावलेले बल्ब ट्रेमध्ये घेऊन फिरणं म्हणजे अदलाबदलीला आमंत्रण.

"काही दुखणार नाही" कधीच म्हणू नये. "आता थोडं टोचेल, हात हलवू नका" एवढं पुरे. खोटं सांगितलं की हात झटकला जातो.

पॉपकॉर्न_पार्टी

वाखू (वाचनखूण) साठवली.

बल्बवाला

पावसाळ्याचं राहिलं होतं. जून ते ऑक्टोबर डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, सीबीसीचे ढीग. शिकायला हा सगळ्यात चांगला हंगाम आणि सगळ्यात धोक्याचाही. डेंग्यूच्या पेशंटच्या प्लेटलेट्स पडलेल्या असतात. एकदाच टोचायचं, शीर शंभर टक्के खात्रीची, आणि नंतर पाच मिनिटं किंवा रक्त थांबेपर्यंत दाब. हात सरळ ठेवून दाबायचं. कोपर दुमडून बोळा अडकवायची सवय फुग्याला मदत करते. नवशिक्यांना हे पेशंट पहिल्या पंधरवड्यात देऊ नयेत.

घाम आधी पुसा, मग स्पिरिट. तीस सेकंद पुसून पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर टोचलं की आग होते आणि रक्तपेशीही फुटतात. पुसल्यानंतर परत बोट लावून शीर शोधायची नाही. शोधायचीच असेल तर परत पुसायचं.

मूठ वळायला सांगा, पण उघडझाप करायला नको, पोटॅशियम वाढतं. टर्निकेट जागेच्या सात ते दहा सेंमी वर, एक मिनिटाच्या आत सुटलं पाहिजे. शोधण्यातच मिनिट गेलं तर सोडा, दोन मिनिटं थांबा, परत बांधा. बहुतेक मुलं टर्निकेट बांधून मग ग्लोव्हज शोधतात.

नियमावली

सुई टोचली तर काय, हेही त्याच दिवशी शिकवा. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. पिळायचं नाही, ब्लीच लावायचं नाही. लगेच इन्चार्ज सिस्टरला सांगायचं. एचआयव्हीसाठीची औषधं शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर नाही, आणि २८ दिवस पूर्ण. एचआयव्हीबाधित रक्ताच्या सुईतून लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते, हिपॅटायटिस बीमध्ये लस नसेल तर ३० टक्क्यांपर्यंत. मुलं घाबरतात एचआयव्हीला, लस टाळतात बीची.

झाकण परत बसवायचं नाही. २०१६च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या डब्यात, सुई काढलेल्या सिरिंज आणि ग्लोव्हज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. पांढरा डबा हाताच्या अंतरावर हवा. डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर सुई घेऊन चालावं लागतं आणि तिथेच टोचते.

कॅज्युअल्टी_कन्या

जाता जाता एक: कातडी ताणायची ती खालून, फक्त अंगठ्याने. अंगठा खाली आणि तर्जनी वर अशी चिमटीची पकड ठेवली की तर्जनी थेट सुईच्या वाटेत येते. आणि सुईच्या हाताची करंगळी पेशंटच्या हातावर टेकवायची. पेशंट हलला तर हात त्याच्याबरोबर हलतो. थरथर लपवायलाही उत्तम.

ट्यूटरबाई_परळ

सगळ्यांचे आभार. सध्या असं ठरवतेय: पहिला आठवडा सुई नाहीच. दोरा-कागद आणि हात चाचपणं, शिवाय रिकामा ट्रे मांडून टर्निकेट ते लेबल असा पूर्ण फेरा घड्याळ लावून. दुसरा आठवडा फोमचा हात, बाटली ५० सेंमीवर. तिसऱ्यात बाटली खाली आणि मुद्दाम केलेले बिघाड, बाजूला दुसरी विद्यार्थिनी पेशंट बनून कटकट करणार. चौथ्या आठवड्यात ओपीडी, निवडून सोपे हात, एका मुलीमागे एक शिकवणारी. लॉगबुकात आकड्याशेजारी "कुठे अडलं, काय केलं" असा रकाना.

इंटर्नची अडचण मात्र तशीच आहे. पहाटेच्या कलेक्शनचे दोन-तीन बेड नर्सिंगच्या मुलांसाठी राखून ठेवा असं कोणाकडे मागायचं, मेट्रनकडे की युनिटच्या डॉक्टरांकडे?

ब्रदर_भांडुप

इन्चार्ज सिस्टरकडे. बेडची वाटणी तीच करते. इंटर्न तर कमी बेड मिळाले म्हणून पेढे वाटतील.

जुगाडू_जोगेश्वरी

@ट्यूटरबाई_परळ, लॅटेक्सची ॲलर्जी आहे का ते मुलींना आधी विचारून घ्या, फोमच्या हाताची नळी आणि जुने ग्लोव्हज दोन्ही लॅटेक्सचेच असतात. असेल तर तिच्यासाठी सिलिकॉनची नळी आणि नायट्राइलचे ग्लोव्हज. आणि वर्ग संपल्यावर नळीतलं रंगीत पाणी काढून टाका. रात्रभर राहिलं तर सकाळी वास येतो.